डीसी एका सबनेटमध्ये, व्हीएम दुसऱ्या सबनेटमध्ये, पिंग होतंय पण डोमेन जॉइन होत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की हायपर-व्हीच्या (व्हर्च्युअल मशीन चालवणारं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर) होस्टवर डीसी, म्हणजे डोमेनचे युजर आणि मशीन सांभाळणारा डोमेन कंट्रोलर, आहे १९२.१६८.१०.१० ला, टेस्टिंगच्या नवीन व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) तुम्ही १९२.१६८.२०.० च्या सबनेटमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या तुकड्यात, टाकल्यात, तिथून डीसीला पिंग होतंय, पण जॉइन करायला गेलं की डोमेन कंट्रोलरशी संपर्क होऊ शकला नाही असा मेसेज येतो. आणि ऑफिसात कोणीतरी सुचवलंय की डीसीलाच दुसरं लॅन कार्ड द्या, त्याला २० मधला आयपी लावा, म्हणजे विषय संपला.

त्या सुचवणीपासूनच सुरुवात करतो कारण ती आधी थांबवायला हवी. प्लीज डीसीला दुसरं कार्ड लावू नका. डीसी आपले सगळे आयपी स्वतःहून डीएनएसमध्ये (नावावरून आयपी सांगणारी सेवा) नोंदवतो, स्वतःच्या नावावर पण आणि डोमेनच्या नावावर पण, मग ज्या मशीनला त्या दुसऱ्या पत्त्यापर्यंत जायला रस्ताच नाही तिलाही तो पत्ता मिळू शकतो, आणि असा त्रास रोज आणि सगळ्यांना होत नाही, कधीतरी एखाद्याचं लॉगिन दोन मिनिटं लटकतं, कधी ग्रुप पॉलिसी (डोमेनकडून मशीनवर येणारी सेटिंग) लागत नाही, आणि कारण शोधताना माणूस वेडा होतो. वर दोन्ही कार्डांना डिफॉल्ट गेटवे दिला असेल तर मग विचारूच नका. नंतर कार्ड काढलं तरी जुने रेकॉर्ड डीएनएसमध्ये पडून राहू शकतात. डीसीवर एकच कार्ड, एकच आयपी, आणि राउटिंगचं काम दुसऱ्या कोणाकडे, एवढं पाळलंत तर पुढची कितीतरी वर्षं सुखात जातील.

डीसी दुसऱ्या सबनेटमध्ये असणं ही मुळात अडचण नाहीच. ज्या कंपनीला चार शाखा आहेत तिथे हे असंच चालतं. फरक एवढाच की एका सबनेटमध्ये असताना काही गोष्टी आपोआप होतात, शॉर्ट नावाने शोधलं तरी ब्रॉडकास्टवर उत्तर येतं, परतीच्या रस्त्याचा विचार करावा लागत नाही, मध्ये फायरवॉल नसतो. सबनेट बदललं की ह्या सगळ्या गोष्टी हाताने कराव्या लागतात आणि त्यातली एक राहिली तरी तोच एक मोघम मेसेज येतो.

आधी रस्ता बघू. दोन सबनेटच्या मध्ये राउटर लागतो हे सगळ्यांना माहीत असतं पण व्हर्च्युअल स्विच आला की ते विसरायला होतं, दोन्ही व्हीएम एकाच एक्स्टर्नल स्विचला लावल्यात तर बोलतीलच असं वाटतं. नाही बोलत. काहीजण मग सबनेट मास्क (आयपीचा किती भाग सबनेटचा ते सांगणारा आकडा) २५५.२५५.०.० करून टाकतात आणि चालू झालं म्हणून खुश होतात, ते चालतं कारण दोघं एकाच स्विचवर आहेत, उद्या व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळं पाडलेलं नेटवर्क) वेगळं केलं की बंद पडणार आणि तेव्हा कोणाच्या लक्षातही नसणार मास्क का बदलला होता.

राउटर म्हणून तुमच्याकडे लेयर-३ स्विच (राउटिंगही करणारा स्विच) असेल तर उत्तमच, दोन्ही व्हीलॅनला इंटरफेस द्यायचा आणि व्हीएमच्या कार्डावर व्हीलॅन आयडी टाकायचा, फक्त होस्टला येणारा पोर्ट ट्रंक (अनेक व्हीलॅन नेणारा) आहे आणि त्यात दोन्ही व्हीलॅन अलाऊ आहेत एवढं बघा. नसेल तर पीएफसेन्सची (राउटर आणि फायरवॉलचं सॉफ्टवेअर) एक छोटी व्हीएम करा, तिचा एक पाय १० मध्ये आणि एक २० मध्ये. फक्त लॅबच असेल तर हायपर-व्हीचा होस्टसुद्धा राउटर होऊ शकतो, दोन इंटर्नल स्विच करायचे, होस्टच्या दोन्ही व्हीइथरनेट कार्डांना त्या त्या सबनेटचा आयपी द्यायचा आणि पॉवरशेलमध्ये सेट-नेटआयपीइंटरफेस वापरून दोन्हीवर फॉरवर्डिंग चालू करायचं. विंडोज सर्व्हरचा राउटिंग रोल वेगळ्या व्हीएमवर टाकला तरी चालेल. डीसीवर टाकू नका, तिथे राउटिंग आणलं की वर सांगितलेला दोन कार्डांचा त्रास परत आलाच.

तुमचं पिंग होतंय म्हणता, तर त्या पिंगमध्येच एक माहिती आहे ती बघा. विंडोजचं उत्तर टीटीएल (प्रत्येक राउटरवर एकाने कमी होणारा आकडा) १२८ ने निघतं, मध्ये एक राउटर असेल तर तुमच्याकडे १२७ दिसायला हवं. १२८ दिसत असेल तर मध्ये राउटर नाहीच, म्हणजे मास्कमध्ये काहीतरी गडबड आहे किंवा तो आयपी भलत्याच मशीनचा आहे.

दुसरं बघायचं ते म्हणजे व्हीएमला खरंच २० मधला आयपी आहे का. हायपर-व्हीमध्ये विंडोज १०च्या १७०९ व्हर्जनपासून डिफॉल्ट स्विच नावाचा जो स्विच आपोआप येतो तो नॅट करतो, म्हणजे आतले पत्ते होस्टच्या पत्त्यामागे झाकतो, आणि होस्ट रीस्टार्ट झाला की त्याची रेंजही बदलू शकते. व्हर्च्युअलबॉक्समध्ये साधा नॅट ठेवला तर प्रत्येक व्हीएमला १०.०.२.१५ हाच आयपी मिळतो. नॅटच्या मागून जॉइन कधी कधी होऊनही जातं, कारण सगळी कनेक्शन व्हीएमकडून डीसीकडे जाणारी असतात, पण मग व्हीएम डीएनएसमध्ये आपला आतला पत्ता नोंदवते जिथे कोणी पोचू शकत नाही, आणि डीसीकडून त्या व्हीएमला काही करायचं म्हटलं की अडतं. मायक्रोसॉफ्टसुद्धा ॲक्टिव्ह डिरेक्टरी (डीसीवर चालणारी डोमेनची सेवा) नॅटवरून चालवायची शिफारस करत नाही. लॅबपुरतंसुद्धा करू नका असंच मी सांगेन, शिकताना चुकीची गोष्ट चालली की ती डोक्यात बसते.

आता परतीचा रस्ता, हा फार लोकांकडून राहतो. व्हीएमचा गेटवे बरोबर दिलेला असतो, पॅकेट डीसीपर्यंत पोचतं, पण डीसीचा गेटवे असतो इंटरनेटचा राउटर, समजा १९२.१६८.१०.१, आणि २० च्या सबनेटचा राउटर आहे १०.२५४ ला. डीसी उत्तर पाठवतो १०.१ कडे, त्याला २० माहीतच नाही, तो ते बाहेर आयएसपीकडे ढकलतो. मग कोणीतरी १०.१ वर स्टॅटिक रूट टाकतं आणि तिथून एक विचित्र अवस्था सुरू होते, पिंग होतं पण टीसीपी कनेक्शन होत नाही. कारण १०.१ वर फायरवॉल असेल तर त्याने व्हीएमकडून आलेलं पहिलं पॅकेट पाहिलेलंच नसतं, ते थेट १०.२५४ वरून डीसीकडे गेलं, आणि आता अचानक मधलंच उत्तर समोर आलं की तो ते टाकून देतो. कित्येक फायरवॉल अशा वेळी पिंगचं उत्तर जाऊ देतात पण टीसीपी अडवतात. तुमच्या लक्षणांवरून ही शक्यता मी बरीच वर ठेवीन. उपाय सोपा आहे, डीसीवरच कायमचा रूट टाका, रूट -पी ॲड १९२.१६८.२०.० मास्क २५५.२५५.२५५.० १९२.१६८.१०.२५४, किंवा त्याहून चांगलं म्हणजे दोन्ही सबनेटचा गेटवे एकाच डब्यावर आणा.

आता डीएनएस, आणि इथे थोडं सावकाश जाऊ कारण माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त केस इथेच सुटतात. जॉइन करताना विंडोज डीसीचा आयपी शोधत नाही, ते डीएनएसला विचारतं की ह्या डोमेनचे डीसी कोण कोण आहेत, आणि तो प्रश्न एका एसआरव्ही रेकॉर्डसाठी (कुठली सेवा कुठल्या मशीनवर आहे ते सांगणारी नोंद) असतो, _एलडॅप._टीसीपी.डीसी._एमएसडीसीएस आणि पुढे तुमच्या डोमेनचं नाव. हा रेकॉर्ड फक्त तुमच्या डीसीवरच्या डीएनएसमध्ये असतो. व्हीएमला डीएनएस म्हणून घरचा वायफाय राउटर किंवा गूगलचा ८.८.८.८ दिला असेल तर ते गावाबाहेरच्या माणसाला वाड्यातल्या आतल्या खोलीचा पत्ता विचारण्यासारखं आहे, त्याला माहीत असायचं काही कारणच नाही.

आणि कृपा करून पहिला डीसी आणि दुसरा ८.८.८.८ असंही करू नका, हे फार ठिकाणी बघतो. समज असा असतो की पहिल्याकडे नाही मिळालं तर दुसऱ्याला विचारेल आणि इंटरनेटही चालू राहील. प्रत्यक्षात तसं होत नाही. नाव नाही असं स्पष्ट उत्तर आलं की विंडोज तिथेच थांबतं, दुसऱ्याकडे जातं ते फक्त पहिल्याने उत्तरच दिलं नाही तर. म्हणजे डीसी रीस्टार्ट होत असताना व्हीएम एकदा गूगलकडे गेली की डीसी वर आला तरी काही काळ तिथेच विचारत राहू शकते आणि डोमेन गायब. व्हीएमवर फक्त डीसी, दोन डीसी असतील तर दोन्ही, बाहेरच्या नावांसाठी फॉरवर्डर डीसीच्या डीएनएसवर टाका, तो त्याचसाठी आहे.

हे सगळं बरोबर असूनही अडतंय तर आयपीव्ही६ बघा. घरच्या फायबरच्या राउटरवर आयपीव्ही६ चालू असतं आणि तो स्वतःलाच डीएनएस म्हणून जाहीर करत असतो. तुम्ही आयपीव्ही४ मध्ये डीसी टाकलेला असतो पण विंडोज आधी त्या आयपीव्ही६ वाल्याला विचारतं. एनएसलुकअप चालवलं की पहिल्या ओळीत सर्व्हरचा पत्ता दिसतो, तिथे एफई८० ने सुरू होणारं काही दिसलं तर चोर सापडला. राउटरवर ती जाहिरात बंद करा किंवा आयपीव्ही६ मध्येही डीसीचाच पत्ता द्या. खात्री करायला कार्डावरची आयपीव्ही६ची टिक तेवढ्यापुरती काढून बघायला हरकत नाही, पण कायमची काढून ठेवू नका, मायक्रोसॉफ्टही ते बंद करू नका असंच सांगतं.

तपासायला एनएसलुकअपमध्ये टाइप एसआरव्ही करून तो वरचा रेकॉर्ड विचारा. नुसतं डोमेनचं नाव विचारून आयपी आला म्हणून समाधान मानू नका, एसआरव्ही यायला हवा आणि त्यात दिसणारं डीसीचं पूर्ण नाव परत विचारलं की १०.१० च यायला हवं. एसआरव्ही नसेल तर डीसीवर नेटलॉगॉन सर्व्हिस रीस्टार्ट करा, ती रेकॉर्ड परत नोंदवते. आणि जॉइनच्या खिडकीत डोमेनचं पूर्ण नाव टाका, कॉर्प.लोकल असं, नुसतं कॉर्प नाही. ते छोटं नाव एका सबनेटमध्ये ब्रॉडकास्टवर चालून जातं, ब्रॉडकास्ट राउटरच्या पलीकडे जात नाही.

मग पोर्ट. यादी मोठी आहे पण पाठ करण्यासारखी आहे: ५३, ८८, ३८९ आणि ४६४ हे चारही टीसीपी आणि यूडीपी दोन्ही, १३५ आणि ४४५ टीसीपी, वेळेसाठी १२३ यूडीपी, ग्लोबल कॅटलॉगला ३२६८, एलडॅप (डिरेक्टरीला माहिती विचारायची पद्धत) सुरक्षित हवं असेल तर ६३६ आणि ३२६९, आणि शेवटी आरपीसीची (दुसऱ्या मशीनवरचं काम करवून घ्यायची पद्धत) मोठी रेंज ४९१५२ ते ६५५३५ टीसीपी. ही रेंज सर्व्हर २००८ पासूनची आहे, जुन्या डॉक्युमेंटमध्ये १०२५ ते ५००० दिसते ती त्याच्या आधीची.

ह्यात एक खाच आहे जी नीट समजून घ्या. डीसी शोधताना विंडोज यूडीपी ३८९ वर एक छोटी विचारणा करतं, आणि बहुतेक लोक फायरवॉलवर फक्त टीसीपी ३८९ उघडतात. मग टेस्ट-नेटकनेक्शनने ३८९ तपासलं की हिरवं येतं, कारण ते फक्त टीसीपी तपासतं, आणि एनएलटेस्ट /डीएसगेटडीसी (डीसी सापडतो का ते बघणारी कमांड) मात्र १३५५ देऊन थांबतं, असं कुठलं डोमेनच नाही म्हणतं. माणूस दिवसभर डीएनएस उकरत बसतो आणि चूक एका रूलमध्ये असते. यूडीपी तपासायला मायक्रोसॉफ्टचं पोर्टक्वेरी वापरा.

इतकी मोठी रेंज उघडायला सिक्युरिटीवाले नाही म्हणतात, त्यांचं बरोबर आहे, पण ती फक्त २० च्या सबनेटकडून डीसीच्या एका आयपीपुरती उघडायची आहे, सगळ्या सर्व्हरच्या सबनेटला नाही. तेही नको असेल तर डीसीच्या रजिस्ट्रीत एनटीडीएस (ॲक्टिव्ह डिरेक्टरीची मुख्य सर्व्हिस) आणि नेटलॉगॉनचे पोर्ट ठरवून टाकता येतात, पण छोट्या सेटअपला मी तो खटाटोप सांगणार नाही. पीएफसेन्स वापरत असाल तर लक्षात ठेवा, लॅनच्या इंटरफेसवर सगळं जाऊ देणारा रूल आधीपासून असतो पण तुम्ही नंतर जोडलेल्या ऑप्ट इंटरफेसवर एकही रूल नसतो, म्हणजे सगळं बंद. आणि वॅनच्या (बाहेरच्या नेटवर्ककडच्या) बाजूने खाजगी रेंज अडवायची टिक आधीच लागलेली असते, तुमचं १० चं सबनेट वॅनकडे येत असेल तर ती काढावी लागेल.

डीसीच्या स्वतःच्या विंडोज फायरवॉलकडेही बघा. डीसी रीस्टार्ट झाल्यावर त्याचं नेटवर्क डोमेनऐवजी पब्लिक किंवा प्रायव्हेट असं ओळखलं गेलं की दुसऱ्या सबनेटवरून येणारं बरंच काही अडतं, आणि त्याच सबनेटमधल्या मशीनचं बरंचसं चालू राहतं, कारण काही रूलना फक्त लोकल सबनेटपुरती परवानगी असते. हा प्रकार सर्व्हर २०२५ च्या डीसीवर रीस्टार्टनंतर होत होता आणि मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये तो मान्यही केला, तात्पुरता उपाय म्हणजे नेटवर्क ॲडॅप्टर रीस्टार्ट करणं. गेट-नेटकनेक्शनप्रोफाइल चालवा, डोमेनऑथेंटिकेटेड दिसायला हवं. फायरवॉल पूर्ण बंद करून तपासायची सवय मात्र नको, बंद केलेला परत चालू करायचा राहतो.

वेळेचं बोलतो. केर्बेरोसला (डोमेनमध्ये ओळख पटवायची पद्धत) पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही, आणि तो यूटीसीत मोजला जातो. आपल्याकडे एक गोष्ट हमखास होते, इव्हॅल्युएशनची आयएसओ टाकली की टाइमझोन पॅसिफिक असतो, मग घड्याळ चुकीचं दिसतं म्हणून कोणीतरी हाताने भारतीय वेळ लावतो आणि झोन तसाच ठेवतो. टास्कबारवर दोन्ही मशीनची वेळ सारखी दिसते, आतून मात्र साडेतेरा तासांचा फरक असतो, उन्हाळ्यात साडेबारा. झोन आधी दुरुस्त करा मग वेळ. डीसी स्वतः व्हीएम असेल तर हायपर-व्हीच्या इंटिग्रेशन सर्व्हिसमधलं टाइम सिंक्रोनायझेशन त्याच्यापुरतं बंद करून त्याला बाहेरच्या एनटीपी सर्व्हरवरून वेळ घ्यायला लावा, नाहीतर होस्ट डीसीकडून आणि डीसी होस्टकडून वेळ घेतोय असं चक्र तयार होतं.

डीएचसीपी (आपोआप आयपी देणारी सेवा) १० मध्येच असेल आणि २० च्या व्हीएमला आयपी तिथून हवा असेल तर राउटरवर डीएचसीपी रिले (ती मागणी पलीकडच्या सबनेटमध्ये पोचवणारी सोय) लागेल, आणि २० साठी वेगळा स्कोप करून त्यात ३ नंबरच्या ऑप्शनला २० चा गेटवे आणि ६ नंबरला डीसी द्या. व्हीएम ॲझ्युरमध्ये (मायक्रोसॉफ्टचा क्लाउड) असत्या तर डीएनएस व्हीएमच्या आत न बदलता व्हर्च्युअल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये बदलून मग व्हीएम रीस्टार्ट करायची, आणि पीअरिंग (दोन व्हर्च्युअल नेटवर्क जोडणं) एका नेटवर्कमधून तिसऱ्यापर्यंत आपोआप जात नाही हे धरून चालायचं, बाकी सगळं हेच.

व्हीएम असल्यामुळे येणारे काही त्रास वेगळे आहेत आणि त्यांचा सबनेटशी संबंध नाही, पण त्याच वेळी दिसतात म्हणून लोक सबनेटला दोष देतात. एकाच डिस्कची कॉपी करून डीसी आणि व्हीएम बनवल्या असतील तर डोमेनचा एसआयडी (विंडोजचा आतला ओळख क्रमांक) आणि ह्या मशीनचा एसआयडी सारखाच आहे असं सांगून जॉइन नाकारलं जातं, तिथे सिसप्रेप (कॉपी केलेल्या विंडोजची ओळख नव्याने बनवणारं टूल) जनरलाइझसकट चालवण्याला पर्याय नाही. टेस्टिंगची व्हीएम उडवून त्याच नावाने परत बनवली असेल तर ऑक्टोबर २०२२ च्या अपडेटपासून जुनं कॉम्प्युटर अकाउंट परत वापरायला अडवलं जातं, एरर २७३२, ज्याने ते अकाउंट बनवलं त्याच युजरने जॉइन करा किंवा जुनं अकाउंट डिलीट करा. साध्या युजरला स्वतःच्या नावावर १० च मशीन जॉइन करता येतात, टेस्टिंगमध्ये हा आकडा पटकन संपतो. होम एडिशन तर डोमेनला जॉइन होतच नाही. आणि जॉइन झाल्यावर जुन्या स्नॅपशॉटवर गेलात आणि मधल्या काळात मशीनचा पासवर्ड बदलला असेल, तो डिफॉल्ट ३० दिवसांनी बदलतो, तर ट्रस्ट (मशीन आणि डोमेनमधला विश्वास) तुटल्याचा मेसेज येईल, तेव्हा लोकल ॲडमिनने आत जाऊन टेस्ट-कॉम्प्युटरसिक्युअरचॅनल रिपेअरसकट चालवा, परत जॉइन करायची गरज बहुतेक वेळा पडत नाही.

जॉइन झालं की ॲक्टिव्ह डिरेक्टरी साइट्समध्ये (कुठलं सबनेट कुठल्या ठिकाणचं ते नोंदवायची जागा) जाऊन १९२.१६८.२०.०/२४ हे सबनेट जोडा आणि साइटला बांधा. आज एकच डीसी आहे म्हणून फरक जाणवणार नाही, पण उद्या दुसऱ्या शाखेत डीसी आला की सबनेट न नोंदवलेल्या व्हीएम कुठल्याही डीसीकडे जाऊन लॉगिन करायला लागतील. डीसीवर विंडोजच्या डीबग फोल्डरमध्ये नेटलॉगॉन.लॉग असतो, त्यात नो क्लायंट साइट असं लिहून अशा मशीनचे आयपी येतात.

तरीही अडलं तर व्हीएमवरच्या डीबग फोल्डरमधला नेटसेटअप.लॉग उघडा, शेवटच्या प्रयत्नाच्या ओळी बघा. कोड तिथे हेक्समध्ये असतो, कॅल्क्युलेटरच्या प्रोग्रामर मोडमध्ये बदलून घ्या. ९००३ आला तर डीएनएसमध्ये ते नाव नाही, १४६० म्हणजे विचारलं पण वेळेत उत्तर आलं नाही, तिथे रस्ता किंवा फायरवॉल बघा, १३५५ ला यूडीपी ३८९ आधी, ५३ म्हणजे नेटवर्क पाथ सापडला नाही, तिथे ४४५, आणि १७२२ म्हणजे आरपीसी, १३५ किंवा वरची मोठी रेंज. तुमच्या केसमध्ये मी आधी व्हीएमवर ट्रेसरूट १०.१० ला आणि डीसीवर ट्रेसरूट व्हीएमला करून दोन्ही बाजूंनी एकच राउटर दिसतो का ते बघीन, मग एसआरव्ही विचारीन. ह्या दोन्हीचं आणि लॉगच्या शेवटच्या वीसेक ओळींचं आउटपुट दिलंत, डोमेनचं खरं नाव झाकून, तर नेमकं कुठे अडलंय ते सांगता येईल.